होईल, पण

सोमवारी साडेदहाला मीटिंग असते.
नागपूरहून गाडी निघते,
काटोल, जलालखेड्याची धूळ घेत वरुडात येते,
आणि उतरतात चार लॅपटॉप, एक प्रोजेक्टर
आणि एक आकडा.

आकडा मोठा असतो. नेहमीच असतो.
या वेळी: एका पाळीत वीस टन संत्री.
"कोचीला शब्द दिलाय," मुंधडा म्हणाले.
शब्द कोणी, कोणाला विचारून दिला
हे पडद्यावर कुठल्याच रंगात नव्हतं.

मी सांगितलं, धुणं होईल, ग्रेडिंग होईल,
मेणही लागेल. पण
मेण सुकायला बोगद्यात दीड मिनिट लागतं,
संत्र्याला टार्गेट कळत नाही.
पट्टा पळवला तर फळ ओलं निघेल,
ओलं फळ पेटीत घाम धरेल,
आणि संध्याकाळी शिवारातले पंप सुरू झाले
की व्होल्टेज असं बसतं
की हीटर तापल्याचं नुसतं सोंग करतो.

"ठीक. म्हणजे होईल?"
"होईल, पण..."
"ग्रेट."

बुधवारी मिनिट्स आल्या.
मी मागितलेलं दीड मिनिट त्यात नव्हतं.
नवव्या मुद्द्यात मी होतो.
निंभोरकर यांच्या मते: होईल.
शेवटी पूर्णविराम, गोल, चकचकीत,
त्यालाही मेण लावल्यासारखा.

माझे किती 'पण' त्या खोलीत सांडले असतील.
खुर्च्यांखाली, कागदी कपांच्या बुडाशी,
एसीच्या गळणाऱ्या बादलीत.
कुसुमबाई दुपारी झाडायला येते,
सुपलीत भरून नेत असेल,
म्हणत असेल, कितीक कचरा करते जी हे लोकं.

शेषराव उईके एकोणीस वर्षं मशीनवर आहे.
त्याला वर बोलवत नाहीत, खुर्च्या आठच आहेत.
मी खाली गेलो तेव्हा तो
पान्याचं एक टोक कानाला, दुसरं लोखंडाला लावून
तिसऱ्या रोलरची बेअरिंग ऐकत होता.
ऐकत होता. मी उभा राहून बघत राहिलो.
"काय ठरलं जी साहेब?"
"वीस टन."
तो हसला नाही, चिडलाही नाही.
"मंग बेरिंगले सांगतलं का कोनी?"

पुढच्या सोमवारी विक्रीवाली शर्वरी हेडाऊ
मोबाइलला रेंज शोधत शेडच्या दारापर्यंत आली,
आणि पट्ट्यावरून सहज एक संत्रं उचललं.
ते तिच्या बोटांना चिकटलं.
आठवडाभर मी याच क्षणाची वाट पाहत होतो,
वाक्यंसुद्धा तयार होती. एकही निघालं नाही.

ती बोटं बघत म्हणाली,
"कोचीवाला फोनवर पहिला अर्धाच ऐकतो.
मी पण 'पण' म्हणते, सर.
तोही 'ग्रेट' म्हणतो."
ओढणीला हात पुसला. डाग राहिला.

मला तिची कीव यायला हवी होती.
आली असती कदाचित,
पण चाळीस पेट्या उघडून
फळ परत सुकवायचं होतं.

त्या बुधवारी मिनिट्समध्ये एक सुधारणा होती.
होईल, अटी लागू.
अटी कुठल्या, ते नव्हतं.

रात्री मी पॅनेलपाशी गेलो.
वेगाच्या बटणाभोवती, बारा आणि तेराच्या मधे,
शेषरावनं काळी इन्सुलेशन टेप लावली होती.
"याच्या समोर नाई न्यायचं," एवढंच म्हणाला,
आणि डबा उघडून जेवायला बसला.

बोटभर टेप. सही नाही, तारीख नाही,
कोणाला कॉपी नाही.
रात्रपाळीचा नवा पोऱ्या आला,
बटणाकडे हात नेला,
टेप बघितली,
आणि हात मागे घेतला.